‘क्रूदा आमारिल्ली’ पाचजणांत कशी बसवावी

पाच माणसं, एक पेटी, एक तानपुरा (मोबाइलमधला चालेल) आणि तो एक सोडून बाकीचे चार मोबाइल तासभर बंद. एवढं जमलं की इटालियन संगीतकार क्लाउदियो मोन्तेवेर्दीचं ‘क्रूदा आमारिल्ली’ हे माद्रिगाल कोकणातल्या कुठल्याही गावात बसवता येतं. आम्ही वेंगुर्ल्यात बसवलं. आमच्यात कंझर्व्हेटरीत, म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या शाळेत, शिकलेलं कोणी नाही. मी नाट्यगीतांना पेटीची साथ करणारी निवृत्त शिक्षिका. खर्जाला एक तांडेल, वरच्या आवाजाला चर्चच्या कॉयरमधली एक वहिनी, मधल्या तीन आवाजांपैकी एकाला डबलबारी (दोन बुवांचा भजनी सामना) गाजवलेले भजनी बुवा आणि दुसऱ्याला एसटीतला एक कंडक्टर. उरलेला आल्तो, म्हणजे वरून दुसरा आवाज, माझा.

माद्रिगाल म्हणजे सोळाव्या शतकात इटलीत बहरलेला गाण्याचा प्रकार. एक छोटी कविता, चार-पाच गळे, प्रत्येकाची चाल स्वतंत्र आणि मुख्य गायक कोणीच नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. बुवांनी म्हणायचं आणि कोरसने उचलायचं, हे आपल्या अंगात इतकं भिनलेलं असतं की पाचजण पाच वेगळ्या ओळी घेऊन बसले तरी दुसऱ्या मिनिटाला सगळे सर्वांत मोठ्या आवाजाच्या मागे लागतात. आमच्याकडे तो आवाज बुवांचा.

आधी गोष्ट सांगून टाका, म्हणजे माणसं टिकतात. कवींनी कल्पनेत रंगवलेल्या आर्केडिया या प्रदेशात मिर्तिल्लो हा मेंढपाळ आमारिल्लीवर जीव टाकतो. तिचं लग्न सिल्व्हिओशी ठरलेलं, आणि सिल्व्हिओला शिकारीपलीकडे जग नाही. मिर्तिल्लोने बोलावं तर ती दुखावते, गप्प बसावं तर याचा जीव जातो. जोव्हान्नी बात्तिस्ता ग्वारिनीच्या ‘इल पास्तोर फिदो’ या नाटकातल्या पहिल्या अंकातलं हे त्याचं बोलणं. नाटक 1590 च्या सुमारास छापून आलं आणि संगीतकार त्यावर तुटून पडले. लुका मारेन्त्सिओ आणि जाकेस द वेर्ट यांनी 1595 मध्येच याच ओळींना आपापल्या चाली दिलेल्या होत्या. मोन्तेवेर्दीने आपली चाल 1605 मध्ये व्हेनिसला छापलेल्या माद्रिगालांच्या पाचव्या पुस्तकात अगदी पहिल्या पानावर घातली. तेव्हा तो इटलीतल्या मान्तुआच्या ड्यूकच्या पदरी होता.

माणसं आणि वेळ

आवाज पाच: कान्तो (सर्वांत वरचा), आल्तो, तेनोरे, बास्सो (खर्जाचा) आणि क्विंतो. क्विंतो म्हणजे पाचवा. तो कधी वरच्या आवाजाच्या जोडीला असतो, कधी मधल्या. त्यामुळे कागद हातात आल्याशिवाय ती जागा कोणाला कबूल करू नका. एका आवाजाला एकच माणूस ठेवा. ‘आमच्या मंडळात पंधराजण आहेत, सगळ्यांना घ्या’ असा आग्रह होईल. नका घेऊ. तिघेजण एकच ओळ गायला लागले की तिघेही एकमेकांवर रेलतात आणि चौथा झोपतो.

बास्सो मिळवणं सर्वांत कठीण. आपल्याकडे पुरुषांना वरच्या पट्टीत ताणून गायची सवय. खर्जात दम असलेला माणूस स्वतःला गायकच समजत नाही. आमचा तांडेल भजनात फक्त झांज वाजवायचा. बोलताना ज्याचा आवाज समोरच्या खुर्चीत जाणवतो, तो माणूस शोधा.

वेळ गावाच्या पंचांगाप्रमाणे धरा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून खर्जाचा माणूस मोकळा. पण तेव्हाच लावणी, म्हणून बाकीचे चिखलात. चतुर्थीनंतर पंधरा दिवस कोणाचाही घसा जागेवर नसतो. कार्तिकी पौर्णिमेपासून जत्रा आणि दशावतार. उरलं काय ते आपापल्या गावात बघा. पावसाळ्यात बसणार असाल तर पत्र्याच्या शेडखाली मुळीच बसू नका, स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. कौलारू घराची पडवी किंवा माजघर बरं. पेटीचे सूर दमट हवेत चिकटतात, तेव्हा बसण्याआधी भाता मारून सगळ्या पट्ट्या एकदा वाजवून घ्या.

कागद

छापील संगीत ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ किंवा ‘आयएमएसएलपी’ या संकेतस्थळांवर फुकट मिळतं. पाश्चात्त्य नोटेशन वाचणारं कोणीतरी हवं. वेंगुर्ल्याला ही अडचण नाही. कॉयरमध्ये वाचता येणारे असतात, आणि गोवा हाकेच्या अंतरावर, जिथे चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकवला गेला. त्यांच्याकडून पाचही ओळी सारेगममध्ये उतरवून घ्या.

सा पांढरी पाच धरा. गाणं त्या स्वरावरच संपतं. कोमल निषाद ठळक आहे आणि मुक्कामाच्या जागांवर शुद्ध निषादही डोकावतो, त्यामुळे पेटीवाल्याला पहिल्यांदा खमाजच आठवेल. आठवू दे, पण बोलू नका. एकदा ‘हा खमाज’ म्हटलं की लोक खमाजाची वळणं घ्यायला लागतात. या गाण्यात रागाचं चलन नाही, पाच ओळी एकमेकींशी काय करतात एवढंच आहे.

पट्टी मूळ लिहिलीय तशीच हवी असं नाही. त्या काळीही उंच लिहिलेली गाणी खाली उतरवून गात. वरच्या आवाजाला तार सप्तकातला रिषभ टोचत असेल तर सगळंच दोन-तीन पट्ट्या खाली आणा. किती, ते बास्सोला विचारून ठरवा, कान्तोला नाही. खाली तळ लागला की तो काही करू शकत नाही.

आता महत्त्वाचं. प्रत्येकाला फक्त त्याची ओळ द्या. संपूर्ण गाणं एका कागदावर देऊ नका. त्या काळी छापायचेही तसंच, प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका. लोक मेजाभोवती बसायचे आणि दुसरा काय गातोय ते डोळ्यांनी नाही, कानांनी कळायचं. पूर्ण कागद दिला की बुवा तुमची ओळ वाचतात आणि मग तीच गातात.

शब्द

पहिले काही दिवस स्वर नकोत. नुसते शब्द वाचा, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने:

क्रूदा आमारिल्ली, के कोल नोमे आन्कोरा
दामार, आइ लास्सो, आमारामेन्ते इन्सेञ्यी;
आमारिल्ली, देल कान्दिदो लिगुस्त्रो
प्यू कान्दिदा ए प्यू बेल्ला,
मा दे लास्पिदो सोर्दो
ए प्यू सोर्दा ए प्यू फेरा ए प्यू फुगाचे;
पोइ के कोल दिर तोफ्फेन्दो,
ई मी मोर्रो ताचेन्दो.

अर्थ असा: निष्ठुर आमारिल्ली, तुझं नावसुद्धा, हाय रे दैवा, कडवटपणे प्रेम करायला शिकवतं. लिगुस्त्रोच्या पांढऱ्या फुलाहून तू पांढरी आणि सुंदर. पण बहिऱ्या सापाहून बहिरी, क्रूर आणि हाती न लागणारी. मी बोललो की तुला लागतं, तर मी न बोलता मरेन.

लिगुस्त्रो आपल्याकडे कोणी पाहिलेला नसतो. मी ‘अनंत समजा’ म्हणून सांगितलं, चाललं. सापाचं काही समजवावं लागलं नाही. कातळावर फुरसं बघितलेल्या माणसाला ‘फेरा’ हा शब्द कसा म्हणायचा ते शिकवावं लागत नाही.

उच्चारात आपली बाजू वरचढ आहे. इटालियनमधला त आणि द आपल्यासारखाच दातांना जीभ लावून. ट आणि ड या कवितेत एकदाही नाहीत, त्यामुळे इंग्रजी गाणी गाणाऱ्यांना आवरा. जोडाक्षरं पूर्ण वजनाने घ्या: ‘लास्सो’मधला स्स रश्श्यासारखा नको, रस्स्यासारखा हवा, ‘आमारिल्ली’त ल्ल वर क्षणभर टेकायचं. ‘मोर्रो’चा जोर शेवटच्या ओ वर, आणि ‘फुगाचे’चा गा वर. दोन स्वर शेजारी आले, जसं ‘कान्दिदा ए’, तर ते बहुतेक वेळा एकाच सुरावर गुंडाळायचे. कागदावर एक सूर आणि दोन अक्षरं दिसली की छपाईची चूक समजू नका.

ओळी बसवणं

प्रत्येकाची ओळ पेटीवर एकट्याने पाठ करून घ्या. मग जोड्या लावा. सुरुवात बास्सो आणि कान्तोपासून. घराचा पाया आणि कौलं आधी, भिंती मागाहून. ही दोघं एकमेकांचं ऐकून गाऊ लागली की मधले तीन आवाज एकेक करून सोडा. पेटी हळूहळू काढत जा. आधी तिने फक्त बास्सोची ओळ वाजवावी, मग फक्त पहिला सूर द्यावा, मग गप्प.

पेटी गप्प करायला दुसरंही कारण आहे. पेटीचा गंधार किंचित चढा असतो, बहुतेक सगळ्या पेट्यांचा. एकट्या गायकाला ते खपतं. पाच गळ्यांनी मिळून सा-ग-प धरलं की तो गंधार करवततो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो खरा, आणि तो पेटीच्या गंधाराहून थोडा खाली आहे. ज्याच्या वाट्याला गंधार येईल त्याला तानपुऱ्याजवळ बसवा आणि तो स्वर तारेतून शोधू द्या. मोन्तेवेर्दीच्या काळातल्या इटलीत हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं तंतुवाद्य) जुळवतानाही गंधार गोड ठेवण्याकडे कल असे, तेव्हा हे आपलं देशी खूळ नाही. ज्या दिवशी शेवटचा स्वरमेळ नीट जुळतो त्या दिवशी कोणी सांगावं लागत नाही. माणसं सूर सोडायलाच तयार होत नाहीत.

ताल. तबला नको, पखवाज नको, झांज तर नकोच. सम नाही, खाली नाही. एकाने हात संथपणे खाली-वर करायचा, एवढाच हिशेब. जुने गायकही असंच मोजत. नव्या छापील प्रतीत उभ्या रेघा दिसतात, त्या मूळच्या पुस्तिकांत नव्हत्या. रेघ आली की जोर, असं होऊ देऊ नका. जोर शब्दावर पडतो. आमचे बुवा ‘क्रूदा’च्या पहिल्या अक्षरावर समेला आल्यासारखी मान हलवायचे. मान हलली की पाठोपाठ सगळ्यांचा आवाज फुगायचा. शेवटी त्यांना डोळे मिटून गायला सांगितलं.

हरकती, मुरक्या, खटके पूर्ण वर्ज्य. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. एका ओळीत मुरकी घेतली की शेजारच्या ओळीशी ठरलेली टक्कर चुकते, आणि या गाण्याचा जीव त्या टकरांत आहे.

‘आइ लास्सो’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘आइ लास्सो’ हा उसासा. खाली बास्सो सा धरून असतो. वरचा कान्तो गप्प असतो, आणि मग त्या शांततेतून एकदम तार रिषभावर येतो. खालच्या सा शी हा रिषभ भांडतो. नियमाप्रमाणे असा सूर आधी कुठेतरी गोड म्हणून धरून ठेवायचा, मग तो कडू होऊ द्यायचा आणि पायरीने शेजारच्या सुरावर उतरवायचा. मोन्तेवेर्दी यातलं काहीच करत नाही. रिषभ अचानक येतो आणि तिथून थेट कोमल निषादावर उडी मारतो, म्हणजे एका भांडणातून दुसऱ्या भांडणात.

पेटीवर ऐका. डावीकडे खाली पांढरी पाच दाबून ठेवा. दोन श्वास थांबा. मग वर पांढरी सहा दाबा, सोडा, आणि तिच्याखालची पांढरी चार दाबा. खालची पाच सोडायची नाही. पाचहीजणांनी हे ऐकायला हवं, फक्त कान्तोने नाही.

हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तांडेल म्हणाला, ‘‘हय कायतरी चुकला हा, बाई.’’ बुवांनीही मान डोलावली. दोघांचा कान उत्तम, म्हणूनच त्यांना ते खुपलं. हेच बोलोन्याच्या जोव्हान्नी मारिया आर्तुसी नावाच्या पंडितालाही खुपलं होतं. हे माद्रिगाल छापण्याआधीच हस्तलिखितांतून फिरत होतं. आर्तुसीने 1600 साली पुस्तक काढून त्यातल्या अशा जागा उतरवल्या आणि झोडपल्या. संगीतकाराचं नाव दिलं नाही, आणि गंमत म्हणजे कवितेचे शब्दही दिले नाहीत. नुसते सूर बघितले तर आर्तुसीचं बरोबरच आहे. पण तिथे ‘हाय’ लिहिलंय हे कळलं की तो रिषभ दुसरा कुठला असूच शकत नाही. मोन्तेवेर्दीने 1605 च्या या पुस्तकातच छोटंसं उत्तर छापलं की मी काही अंदाजपंचे रचना करत नाही. आणि 1607 मध्ये त्याच्या भावाने, जुलिओ चेझारेने, ते उलगडून सांगितलं: शब्द मालकीण, सूर तिचे चाकर. हा वाद मी तालमीत सगळा सांगितला आणि बुवा एकदम खूष झाले. डबलबारीत आयुष्य गेलेल्या माणसाला, एकाने आरोप करायचा आणि दुसऱ्याने भर सभेत उत्तर द्यायचं, हे लगेच कळतं.

आता ही जागा गाताना तीन गोष्टी होतात आणि तिन्ही थांबवायच्या. पहिली: कान्तो षड्जावरून मींड घेत रिषभावर चढते. आपल्या गळ्याला सरळ आदळायची लाज वाटते. तिला सांगायचं, दार ढकलून आत ये. त्यासाठी आधीच्या विरामात श्वास घ्यावा, आणि तो श्वास थोडा ऐकू आला तर उत्तम. दुसरी: बास्सोला वाटतं आपणच चुकलो, आणि तो सा सैल करतो. त्याने खांबासारखं उभं राहायचं. तो हलला तर वरचा उसासा नुसता एक उंच सूर होऊन राहतो. तिसरी, आणि ही सगळ्यांची: टक्कर झाली की माणसं हसतात किंवा एकमेकांकडे बघतात. पहिल्या दोन-तीन तालमींत हसू द्या. त्यानंतर नाही.

एक व्यायाम फार उपयोगी पडला. बास्सोने नुसता सा धरायचा, आणि बाकी चौघांनी पाळीपाळीने शांततेतून रिषभावर यायचं आणि तिथेच थांबायचं, नीट करायला जायचं नाही. भांडणारा सूर ताठ धरता यायला लागला की पुढे सगळं गाणं सोपं होतं, कारण सुरुवातीच्या ‘क्रूदा’पासूनच अशा लहान-मोठ्या टकरा आहेत. फक्त त्या जरा सभ्य आहेत.

उरलेलं

‘प्यू बेल्ला’पर्यंत शांत, उजेड असल्यासारखं. सापाच्या ओळींना धार; ‘ए प्यू… ए प्यू… ए प्यू’ हे शब्द दातांजवळून. इथे घाई होते, हात मोजणाऱ्याने बघावं.

शेवटची ओळ, ‘मी न बोलता मरेन’, पुन्हा पुन्हा येते, वेगवेगळ्या आवाजांत. मरेन मरेन म्हणणारा माणूस काही गप्प बसत नाही, हा विनोद आमच्या कंडक्टरच्या ध्यानात आला आणि मला तो बरोबर वाटतो. म्हणून ही ओळ रडत गाऊ नका. नाट्यगीतातल्या करुण रसाची सवय असेल तर आवाजात कंप येतो, तो काढा. प्रत्येक आवर्तनाला आवाज थोडा कमी करा, पण वेग नाही. शेवटच्या मेळाला आधी गंधारवाल्याकडे कान द्या, मग स्वतःकडे.

सगळं मिळून अडीच-तीन मिनिटांचं गाणं. लोकांपुढे म्हणायचं असेल तर आधी मराठीत अर्थ वाचून दाखवा, मग एकदा गा आणि मग लगेच दुसऱ्यांदा गा. पहिल्या वेळेला लोक भाषा ऐकतात, गाणं दुसऱ्या वेळेला. माइक लावू नका. माइकवाला एकाचाच आवाज वर काढतो. अर्धवर्तुळात बसा, कान्तो आणि बास्सो समोरासमोर, श्रोते जवळ.

हे जमलं की याच पुस्तकातलं दुसरं माद्रिगाल घ्या, ‘ओ मिर्तिल्लो’. त्यात आमारिल्ली बोलते: तिचाही जीव त्याच्यात अडकलेला आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. श्रोत्यांना हे दोन्ही गाणी संपल्यावर सांगा, आधी नको. आणि त्याच्या तालमीला कागद वाटण्याआधी पाचहीजणांना ‘आइ लास्सो’ची ती जागा एकदा पेटीशिवाय गायला लावा.